डिसेंबरात पणजीला येतोय. आदिलशहा राजवाड्याचे फोटो सकाळी काढावेत की दुपारी?

दोन्ही सोडा, सूर्यास्तानंतर जा. राजवाड्याचं तोंड उत्तरेला, मांडवीकडे. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दर्शनी भाग सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. मी पहिल्यांदा भर दुपारी गेलो होतो. पांढऱ्या भिंती फोटोत राखेसारख्या आल्या.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पुढची वीसेक मिनिटं आकाश गडद निळं असतं, रस्त्यावरचे दिवेही लागलेले असतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागेल, म्हणून ट्रायपॉड आणा. नसेल तर नदीकाठच्या कठड्यावर कॅमेरा टेकवा. समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या उजेडाच्या रेघा फुकटात मिळतात!

शेजारचा आबे फारियांचा (गोव्याचे पाद्री, संमोहनतज्ज्ञ) पुतळा (१९४५) सोडू नका. हात पसरून बाईला संमोहित करताहेत. खालून घेतला की भारी दिसतो.