'झूटोपिया 2'चे ट्रेलर पाहून काय अंदाज येतो? सहा वर्षांच्या मुलीला न्यावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिला 'झूटोपिया' हा डिस्नेचा ॲनिमेशनपट मुलीला मनापासून आवडला, तर 28 नोव्हेंबर 2025ला आपल्याकडे प्रदर्शित झालेला दुसरा भाग तसाच असेल का, हे ट्रेलरवरून कसं ओळखायचं? आणि सहा वर्षांच्या मुलीला तो थिएटरात दाखवावा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: न्या, थोडी तयारी करून. ती तयारी कोणती, ते शेवटी सांगतो.

ट्रेलरवरून गोष्टीचा अंदाज बांधायला जाऊ नका. पहिल्या भागाचंच बघा. निर्मिती बरीच पुढे गेलेली असताना त्याची गोष्ट उलटी करण्यात आली. आधी नायक निक हा कोल्हा होता आणि शिकारी प्राण्यांच्या गळ्यात विजेचे झटके देणारे पट्टे होते. मग पट्टे गेले आणि जुडी ही सशीण नायिका झाली. त्याच चित्रपटाची सगळ्यांच्या लक्षात राहिलेली जाहिरात म्हणजे वाहन खात्याच्या कचेरीतल्या स्लॉथचा प्रसंग. मूळ कथेचं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. मात्र एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली: हा प्राणी कूर्मगतीने हलतो हे या मंडळींना नीट माहीत आहे, आणि विनोद त्या गतीतूनच काढायचा धीर त्यांच्याकडे आहे. प्राण्यांच्या ॲनिमेशनमध्ये ट्रेलर एवढंच खात्रीने सांगतो. कपडे घालून बोलणारा प्राणी अंगाने प्राणी राहिला आहे, की प्राण्याचा मुखवटा चढवलेला माणूस झाला आहे? मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. ट्रेलर यूट्यूबवर संगणकावर लावा आणि थांबवा. मग पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, पुढे जाते, स्वल्पविरामाचं दाबलं की एक मागे येते. मोबाइलवर हे जमत नाही, तिथे वेग 0.25 वर ठेवा. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम असतात. माणूस नेहमीच्या चालीने चालताना एका पावलाला साधारण 12 फ्रेम लागतात, हे ॲनिमेटरचं जुनं माप आहे. रमतगमत चालणारं पात्र 16 घेतं, लगबगीने चालणारं कार्टून 8. आता पोलीस ठाण्यातला एखादा प्रसंग निवडा, ज्यात जुडीही आहे आणि बोगो हा रेड्यासारखा दणकट साहेबही आहे. दोघांची पावलं वेगवेगळी मोजा. त्याची पावलं सावकाश पडत असतील, पाऊल टेकल्यावर खांदा आणि मान किंचित खाली बसत असेल, आणि तिची दोन-तीन पावलं त्याच्या एका पावलात मावत असतील, तर वजनाचा विचार झाला आहे. दोघंही एकाच ठेक्यात चालत असतील, तर घाई झाली आहे असं समजा. टेकलेल्या पावलाकडेही बघा. जमिनीवर असताना ते फ्रेमगणिक सरकत असेल, तर पात्र बर्फावर घसरल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण ते खोटं वाटतं.

पायांची रचनाही बघण्याजोगी असते. कोल्हा, लांडगा, मांजर हे चवड्यांवर चालणारे प्राणी. त्यांच्या मागच्या पायात जो 'उलटा गुडघा' दिसतो, तो खरं तर घोटा असतो. अस्वल आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकवतं. घोडा तर एका बोटाच्या नखावर उभा असतो. या सगळ्यांना दोन पायांवर उभं करायचं म्हटलं की पाय किती माणसासारखे करायचे, हा निर्णय प्रत्येक पात्रासाठी वेगळा घ्यावा लागतो. पहिल्या भागात त्यातून एक सुंदर खूण तयार झाली होती: सुसंस्कृत प्राणी दोन पायांवर, पिसाळलेला चार पायांवर. संवाद न कळणाऱ्या मुलालासुद्धा धोका त्यावरूनच कळायचा. नव्या ट्रेलरमध्ये कोण केव्हा चार पायांवर येतं, यावर माझं लक्ष आहे.

आणि इथेच सापाचा प्रश्न येतो. पहिल्या भागातल्या शहरात फक्त सस्तन प्राणी होते. आता गॅरी हा निळा साप शहरात शिरतो आणि सगळ्यांची पाचावर धारण बसते. ट्रेलरमधलं हे पात्र पाहून माझी उत्सुकता खऱ्या अर्थाने वाढली, कारण सापाइतका कठीण प्राणी ॲनिमेटरसाठी दुसरा नाही. त्याला खांदे नाहीत, हात नाहीत, भुवया नाहीत, आणि खऱ्या सापाला पापण्याही नसतात. भाव दाखवायची नेहमीची सगळी साधनं एका फटक्यात गेली. उरतं काय, तर मानेचा बाक, डोक्याची तिरकी ढब, वेटोळं घट्ट की सैल, आणि शेपटीचं टोक. चित्रपटवाल्यांना डोळ्यांभोवती थोडं स्वातंत्र्य घ्यावंच लागतं. ते घेतलं तर माझी तक्रार नाही. पण शरीर सापाचं राहिलं पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी तपासा. पहिली, सरपटणं. साप नागमोडी जातो तेव्हा डोकं ज्या वळणावरून गेलं, त्याच वळणावरून मागचं सगळं अंग आणि शेवटी शेपटी जाते. वळण जमिनीला धरून असतं आणि अंग त्यातून वाहतं. कच्च्या कामात नेमकं उलटं होतं. लाट अंगातून धावत राहते आणि साप फरशीवरून आडवातिडवा घसरत पुढे जातो. जमिनीवरची एखादी खूण धरा, फ्रेम पुढे सरकवा आणि शेपूट तिथूनच जाते का बघा. दुसरी, उभं राहणं. नाग फणा काढतो तेव्हा ढोबळमानाने अंगाचा तिसरा हिस्सा वर उचलतो, बाकीचा जमिनीवर आधार देतो. पात्राला जुडीच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं तर अंग उचलावं लागणारच. मात्र खाली पुरेसं वेटोळं दिसलं नाही, तर तो वाऱ्यावर डोलणारा रबरी पाइप वाटतो. जाता जाता खवलेही बघा. बाकाच्या बाहेरच्या अंगाला ते एकमेकांपासून विलग व्हायला हवेत, आतल्या अंगाला दाटायला हवेत. चित्र छापलेला फुगा ताणावा तसे ते लांबट होत असतील तर काम अपुरं आहे. ट्रेलरमध्ये जेवढा गॅरी दिसतो, त्यावरून या कसोट्या त्यांनी गंभीरपणे घेतल्या आहेत असं माझं मत झालं आहे.

केसांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे या स्टुडिओचा हात बसलेला आहे. पहिल्या भागात जुडी आणि निक यांच्या अंगावर प्रत्येकी सुमारे 25 लाख केस होते, जिराफाच्या अंगावर सुमारे 90 लाख. नवं आव्हान आहे ते ओल्या केसांचं. ट्रेलरमध्ये पाणथळ वस्ती आहे, समुद्रसिंहांसारखे पाण्यात रमणारे प्राणी आहेत, निबल्स नावाची बीव्हर आहे, पाण्याच्या नळ्यांमधून प्रवास आहे. केस भिजले की त्यांच्या बटा होतात, मधून खालची कातडी दिसते, प्राणी एकदम अर्धा झाल्यासारखा दिसतो. मांजर भिजलेलं पाहिलं असेल तर लगेच लक्षात येईल. फक्त चकाकी वाढवून 'ओलं' दाखवलं तर कोल्हा प्लास्टिकचा वाटतो. पाण्यातून बाहेर येतानाच्या फ्रेम थांबवून बघा. हे काम खर्चाचं असल्यामुळे बरेचदा पुढच्याच दृश्यात पात्र कोरडं करून टाकतात.

पहिल्या भागातलं शहर मला इतकं प्रिय असण्याचं कारण वेगळंच आहे. आगगाडीला वेगवेगळ्या उंचीची दारं होती. पाण्यातून आलेल्या पाणघोड्यांना वाळवायची सोय होती. उंच जिराफापर्यंत पेला पोचवणारी रसवंतीची नळी होती. प्रत्येक प्राण्याच्या अंगाचा विचार रस्त्यात, दारात, दुकानात उतरला होता. दुसऱ्या भागाकडून माझी सगळ्यात मोठी अपेक्षा हीच आहे. पायच नसलेल्या प्राण्यासाठी पायऱ्या, जिने, दाराच्या मुठी कशा असतील? ज्या शहराने सापांचा विचारच केला नाही, त्या शहरात सापाला प्रत्येक दार अडवतं, हे नुसत्या चित्रातून दाखवता येईल. ट्रेलरमध्ये याची चाहूल लागते, पण पूर्ण उत्तर मिळत नाही.

काळजी वाटावी असंही आहे. नवी पात्रं बरीच आहेत: साप, बीव्हर, महापौर झालेला घोडा, लिंक्स या रानमांजरांचं श्रीमंत घराणं, आणि जोडीदारांची भांडणं सोडवायला बसलेली क्वोका डॉक्टर. (क्वोका हा पश्चिम ऑस्ट्रेलियातला छोटा, कांगारूच्या गोतातला प्राणी आहे. मुलं हटकून विचारतील, म्हणून सांगून ठेवतो.) एवढ्यांना जागा देताना जुडी-निकच्या मधले शांत क्षण कमी होण्याची भीती आहे. पहिला भाग लक्षात राहिला तो पुलाखाली जुडी निकची माफी मागते त्या प्रसंगामुळे, आणि असा प्रसंग कुठलाच ट्रेलर दाखवत नाही. जॅरेड बुश आणि बायरन हॉवर्ड हे या भागाचे दोन्ही दिग्दर्शक पहिल्या भागातही होते, बायरन हॉवर्ड दिग्दर्शक म्हणून आणि बुश सहदिग्दर्शक म्हणून. त्यामुळे मला भरवसा जास्त आहे, शंका कमी.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेकांपुढे निवड इंग्रजी की हिंदी अशी राहील. हिंदीत जुडीला श्रद्धा कपूरचा आवाज आहे. मुलगी अजून इंग्रजी संवाद धावत्या गतीने पकडत नसेल तर बेलाशक हिंदी घ्या. या चित्रपटात तपास आहे, आणि संवाद सुटला की धागा सुटतो. शब्दांवरच्या कोट्या मात्र हिंदीत काही प्रमाणात गळणार. गॅरीचं आडनाव 'डिस्नेक' हीच मुळात 'द स्नेक'वरची कोटी आहे. डबिंग चांगलं आहे का, हे हिंदी ट्रेलरवर कळतं: आवाज बंद करून बघा आणि पात्राचे ओठ पूर्ण मिटतात त्या जागा हेरा, मग आवाज लावून त्या जागी प, ब, भ, म यांपैकी काही येतं का ऐका. निम्म्याहून जास्त जागी जुळत असेल तर अनुवादकाने कष्ट घेतले आहेत.

आता तयारी. आधी पहिला भाग घरी परत बघा. तो 108 मिनिटांचा आहे, सहा वर्षांच्या मुलीसाठी दोन बैठकांत विभागा. तिला कोणत्या प्रसंगांत जवळ यावंसं वाटतं ते टिपून ठेवा: लहानपणी गिडियन हा कोल्हा जुडीच्या गालावर नखं ओढतो तो प्रसंग, आणि पावसाळी जंगलात काळा जॅग्वार अचानक झडप घालतो तो. जॅग्वारच्या प्रसंगी तिने कान झाकून का होईना पण बघितलं, तर नव्या भागाला हरकत नाही. उठून दुसऱ्या खोलीत गेली, तर थिएटरची घाई करू नका. अंधार आणि मोठा आवाज भीती दुप्पट करतात. तिकीट काढताना प्रमाणपत्र बघा. 'यूए 7+' म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावं. त्यांना बंदी नसते. साधा टूडी खेळ निवडा. थ्रीडीचा चष्मा लहान नाकावरून घसरतो आणि चित्र अंधुक करतो. जागा मधल्या रांगांच्या थोडं मागे, कडेची, म्हणजे गरज पडली तर चटकन बाहेर पडता येईल.

आणि घरातून निघण्यापूर्वी सापाबद्दल दोन मिनिटं बोला. गॅरी पिट व्हायपर आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याने उष्णता ओळखणारे हे साप. त्यांचे भाऊबंद आपल्याकडे आहेत, त्यांना चापडा म्हणतात. आंबोलीपासून गोव्यापर्यंत सह्याद्रीत मलबार चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी अशा रंगांत सापडतो, आणि तो विषारी आहे. पडद्यावरचा साप मिठी मारण्याजोगा वाटणार, तसा तो वाटायलाही हवा. म्हणून तिला स्पष्ट शब्दांत सांगा: अंगणात किंवा रानात साप दिसला तर जागच्या जागी थांबायचं, हळूहळू मागे सरायचं, काठी-दगड उचलायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. मोठ्यांनी तो मारायचा नाही, लांबून नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा.