प्रभार निम्मा, मग अंतर निम्मं का नाही?

प्रश्न : 2 आणि 6 मायक्रोकूलोम प्रभाराच्या गोळ्यांत मोठा प्रभार लहान्याला जास्त जोराने ढकलत असेल ना? शिवाय आम्ही फॉइल गुंडाळलेल्या थर्माकोलच्या दोन गोळ्या एकाच ठिकाणी दोऱ्यांनी टांगल्या. एकीचा प्रभार निम्मा केला, तरी दोघींमधलं अंतर निम्मं झालं नाही. असं का?
– बारावीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमच्या सूत्रात (बल = 9×10⁹ × दोन्ही प्रभारांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग) दोन्ही प्रभारांचा गुणाकार येतो, त्यामुळे बल एकच निघतं आणि ते दोघींवर सारखंच असतं, फक्त उलट दिशांना. 30 सेंटिमीटर अंतरावर 9×10⁹ × 2×10⁻⁶ × 6×10⁻⁶ ÷ 0.09 म्हणजे 1.2 न्यूटन, तेही दोघींवर. तुमच्या प्रयोगात प्रभार कमीजास्त असले तरी दोऱ्या सारख्याच कलायला हव्यात. एकच जास्त कलली तर ती गोळी हलकी आहे. फॉइल सारखं करा.

आता अंतराचं. प्रभार निम्मा केल्यावर बल निम्मं होतं, पण अंतर तेवढंच ठेवलं तर. टांगलेल्या गोळ्या तिथे थांबतात कुठे? त्या जवळ सरकतात आणि जवळ आल्या की बल पुन्हा वाढतं. दोऱ्या थोड्याच कलत असतील तर अंतराचा घन प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणून 10 सेंटिमीटरचे 5 नव्हे, साधारण 7.9 होतात, दोघींचा प्रभार निम्मा केलात तर 6.3. कूलोमने 1785 मध्ये ही अडचण तार पिळून सोडवली: पीळ देऊन गोळी हव्या त्या अंतरावर आणायची आणि पीळ किती लागला ते वाचायचं.

गोळ्या 2 सेंटिमीटर व्यासाच्या, दोरी 60 सेंटिमीटरची घ्या. निम्मा करायला तेवढीच, प्रभार नसलेली फॉइलची गोळी प्लॅस्टिकच्या दांडीवर बसवून टेकवा. ती लहानमोठी असेल तर वाटणी अर्धीअर्धी होत नाही.

आणि हे पावसाळ्यात करत असाल तर सोडून द्या. दमट हवेत सुती दोरी ओल धरते आणि प्रभार तिच्यावरून निसटतो. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार बघा, गरीला लावतात ती बारीक नायलॉनची दोरी वापरा, तिला घामट बोटं लावू नका. प्रभार निम्मा करण्याआधी मिनिटभर थांबून अंतर पुन्हा मोजा. तेवढ्यातच ते घटलं असेल तर पुढचं माप धरू नका.