खात्यातून कापलेल्या चार हजारांपैकी किती मागायचे?

आर्णी तालुक्यातल्या एका ताईंनी पासबुकाचे फोटो पाठवून विचारलं आहे: "मालक सात महिने आजारी होते, सोयाबीन पावसात गेलं. या काळात खाजगी बँकेतल्या माझ्या खात्यातून 4,244 रुपये कापले गेले. लाडकी बहीणचे पैसेही पूर्ण हाती आले नाहीत. दीर म्हणतात, खातं बंद करून टाक, बँकेशी भांडून कोणाचं भलं झालं? तालुक्याचा एक जण म्हणतो, आधी 500 द्या, सगळे पैसे काढून देतो, त्यातले अर्धे माझे. माझं जनधन खातंही आहे, पण तीन वर्षांपासून तसंच पडून आहे. काय करू?"

ताई, भांडा. पण सगळ्या 4,244 साठी नाही, आणि त्या माणसाला एक रुपयाही न देता.

तुमच्या पासबुकातली एकेक नोंद मी वहीत उतरवली. किमान शिल्लक नव्हती म्हणून नऊ वेळा 177, म्हणजे 1,593. गाडीचा हप्ता परत गेला म्हणून सहा वेळा 354, म्हणजे 2,124. एसएमएसचे साधारण 71. आणि विम्याचे 456. या चारही रकमांचे नियम निरनिराळे आहेत. सगळ्यांचा एकच अर्ज केला की बँक सगळ्याला मिळून एकच उत्तर देते, "नियमानुसार कपात केली आहे." म्हणून मागणी वेगवेगळी करायची.

तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे ती 1,593 च्या बाबतीत. किमान शिल्लकीच्या दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेनं 20 नोव्हेंबर 2014 ला परिपत्रक काढलं आणि त्यातले नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले. त्यानुसार शिल्लक कमी झाली की बँकेनं आधी कळवायचं, शिल्लक भरायला एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा. दंड जेवढी तूट तेवढ्याच प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

आता तुमचं जून महिन्याचं पान बघा. शिल्लक 46 होती. 177 कापले, खातं उणे 131 वर गेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा 177, उणे 308. मध्ये दुसरी एकही नोंद नाही. मग लाडकी बहीणचे 1,500 जमा झाले आणि तुमच्या हाती 1,192 उरले. म्हणजे खातं उणे झालं ते फक्त दंडानं, आणि ती भरपाई झाली तुमच्या अनुदानातून. हे 308 मागताना विनंतीची भाषा नको, सरळ परत मागा. 2024 च्या ऑगस्टमध्ये या योजनेचे पहिले पैसे आले तेव्हाही अशा कपातीच्या तक्रारी झाल्या होत्या आणि राज्य सरकारनं बँकांना पैसे कापू नका असं सांगितलं होतं. अर्जात तेही लिहा, पण मुख्य आधार रिझर्व्ह बँकेच्या नियमांचाच ठेवा.

नोव्हेंबरचं पानही कामाचं आहे. कापूस विकल्यामुळे त्या महिन्यात शिल्लक एकदाही 1,900 च्या खाली गेली नाही. किमान शिल्लक 2,500, म्हणजे तूट फार तर 600 ची. तरी कापले 177. हा आकडा येतो कुठून? पूर्ण 2,500 च्या तुटीवर 6 टक्के धरले तर 150, त्यावर 18 टक्के जीएसटी 27. म्हणजे खातं रिकामं असल्यासारखा दंड लावला. त्याच दरानं 600 वर 36 आणि जीएसटी धरून साडेबेचाळीसच्या आत व्हायला हवा होता. बाकी महिन्यांत शिल्लक शे-दीडशेच्या घरात होती, तिथे या हिशेबानं फारसा फरक पडत नाही. तिथे विचारायचं ते नोटिशीबद्दल: कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर कळवलं? खात्याला तुमचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला आहे असं तुम्हीच लिहिता. तो बंद झाल्याचं बँकेला कळवलं नसेल तर ही बाजू थोडी लंगडी पडते, हे आधीच सांगून ठेवतो. पण एसएमएसचे पैसे घेणाऱ्या बँकेनं नोटीस पाठवल्याचा पुरावा दाखवायला हवाच.

हप्ता परत गेल्याचे 2,124 मात्र वेगळे. खात्यात पैसे नसताना हप्ता आला आणि परत गेला, तर बँक दरपत्रकाप्रमाणे आकार घेऊ शकते. "आम्ही अडचणीत होतो" म्हणून तो परत द्यायलाच हवा असा नियम आपल्याकडे नाही. मागता येतो, पण हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून. त्यातही एक जागा आहे. मार्चमध्ये एकाच हप्त्यासाठी फायनान्सवाल्यानं तीनदा पैसे मागितले आणि बँकेनं तीनदा 354 कापले. त्यातले दोन माफ करा अशी विनंती शाखा व्यवस्थापकाला करा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडा. सहाही परत मिळतील अशी आशा धरू नका. फायनान्स कंपनीकडूनही खात्याचा उतारा मागवा. 1 एप्रिल 2024 पासून थकलेल्या हप्त्यावरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवायला मनाई आहे, तसं झालं असेल तर तिथेही वेगळी तक्रार होते.

456 ला हात लावू नका. त्यातले 436 जीवन ज्योती विम्याचे आणि 20 सुरक्षा विम्याचे. पुष्कळ जण हेही बँकेनं खाल्ले म्हणून बंद करायला जातात. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, आणि घरात एक माणूस आजारी असताना तुमच्या जिवावरचा विमा काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. जीवन ज्योती एकदा सोडून पुन्हा घेतला तर पहिले 30 दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या कारणानं झालेल्या मृत्यूला संरक्षण मिळत नाही. उलट जिथे हे पैसे कापले जातात त्या खात्यात मे महिन्यात 456 राहतील एवढं बघा.

आता दिरांचं म्हणणं. खातं सोडायचं हे त्यांचं बरोबर आहे, आज सोडायचं हे नाही. गाडीचा हप्ता त्याच खात्यावर लावलेला आहे. खातं अचानक बंद केलं तर हप्ता चुकेल, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची तुमची नोंद, बिघडेल, आणि मे-जूनमध्ये पीककर्जासाठी बँकेत गेलात की तेच समोर येईल. आधी फायनान्स कंपनीत जाऊन हप्त्याचं खातं आणि तारीख दोन्ही बदलून घ्या, तुमच्याकडे पैसा येतो त्यानंतरची तारीख मागा. खरं सांगायचं तर पुढच्या वर्षाची मोठी बचत इथेच आहे. सहा वेळा हप्ता परत गेला नसता तर अर्ध्याहून किंचित जास्त कपात जागीच टळली असती.

तुमचं जनधन खातं दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालं असणार. ते सुरू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि त्यात किमान शिल्लकीची अटही नाही. आधार आणि पॅन घेऊन जा, पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म बँकेत मागा, आणि पूर्ण केवायसी करून घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण अर्धवट केवायसीच्या छोट्या खात्यात 50,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. कापसाचा चुकारा आला की तिथे अडकाल. त्याच दिवशी आधार जोडणीचा फॉर्म भरा, म्हणजे लाडकी बहीणचे पैसे या खात्यात येतील. पहिला हप्ता इकडे आल्याचं डोळ्यांनी बघितल्यावरच जुनं खातं बंद करायचा अर्ज द्या. या जनधन खात्याचं काही जमलं नाही तरी घाबरू नका. स्टेट बँकेनं 2020 मध्ये आणि कॅनरा बँकेनं जून 2025 पासून बचत खात्यावरचा किमान शिल्लकीचा दंड काढून टाकला आहे.

तो अर्धे पैसे मागणारा माणूस जे करणार ते एवढंच: एक अर्ज. तो तुम्हीच करू शकता, मराठीतच. पासबुक, एटीएम कार्ड, ओटीपी यातलं काहीही त्याच्या हाती देऊ नका.

अर्जात असं लिहा: "माझ्या बचत खात्यातून किमान शिल्लकीपोटी नऊ वेळा प्रत्येकी 177 रुपये कापले. प्रत्येक वेळी दिलेल्या पूर्वसूचनेची तारीख, मोबाइल नंबर आणि आकारणीचा हिशेब द्यावा. केवळ दंडामुळे खाते उणे झाले, ते 308 रुपये परत करावेत. नोव्हेंबरचा जास्तीचा दंड परत करावा. पूर्वसूचनेचा पुरावा नसल्यास संपूर्ण 1,593 रुपये परत करावेत." हप्त्याच्या माफीची विनंती वेगळ्या कागदावर. दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा.

एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी खेप म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो, हे मला कळतं. म्हणून बँक, फायनान्स कंपनी आणि जनधनची शाखा एकाच दिवशी करा, बाजारालाही जायचंच असेल तर त्याच दिवशी. नंतर 30 दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार जाते. तिला फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, म्हणजे सीएमएस पोर्टलवर, ती भरता येते, टपालानं चंदीगडच्या केंद्रालाही पाठवता येते, आणि 14448 वर मराठीत माहिती मिळते. मुलगी बारावीला आहे असं लिहिलंय तुम्ही. पोर्टलवरचा फॉर्म ती सहज भरेल, फक्त शिक्क्याच्या प्रतीचा आणि जून-नोव्हेंबरच्या पानांचा फोटो तिच्याकडे आधी देऊन ठेवा. आणि नकार आला तर उशीर लावू नका, त्याच आठवड्यात तक्रार टाका.