जानेवारीत दोघंच मालदीवला जातोय, पीत नाही, तरी ऑल इन्क्लुझिव घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की लग्नाच्या वाढदिवसाला चार रात्री मालदीवला जायचंय, दोघंही दारू पीत नाही, बायको शाकाहारी आहे, मग ऑल इन्क्लुझिव (राहणं, खाणं, पिणं सगळं एकाच किमतीत धरलेलं पॅकेज) घेणं म्हणजे दुसऱ्यांच्या दारूचे पैसे आपण भरल्यासारखं होतं का. अहो, हाच वाद मी नवऱ्याशी पंधरा दिवस घातलाय. आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून २०२५ च्या जानेवारीत आम्ही जाऊन आलो, मुलं-सासूबाई कोणीच बरोबर नाही अशी ही आमची पहिली ट्रिप, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत, घ्या. तिकडे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, बाहेर ना टपरी ना किराणा दुकान, जे काही तोंडात घालाल ते त्यांच्याकडूनच आणि डॉलरमध्ये. नुसता ब्रेकफास्ट घेतलात तर दुपारचं, रात्रीचं जेवण, कॉफी आणि मुख्य म्हणजे पाणी, सगळं वेगळं. जेवणाला माणशी ६०-७० डॉलर सहज होतात आणि मेनूवरच्या किमतीवर पुन्हा १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स लागतो (आम्ही गेलो तेव्हा १६ टक्के होता, जुलै २०२५ पासून १७ झालाय). दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहून तहान इतकी लागते की फक्त पाणी, लिंबू सोडा आणि कॉफीचा हिशोब केला तरी डोळे फिरतील.

पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. पहिल्या दिवशी कॉफी मागवताना नवऱ्याची नजर आधी मेनूच्या उजव्या बाजूला गेली, किंमत कुठे दिसते बघायला, आयुष्यभराची सवय आहे, आम्ही दोघंही तशाच घरातून आलोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर त्याने मेनू उघडलाच नाही, सरळ विचारलं आज गोड काय आहे, आणि एक संपल्यावर दुसरं मागवलं. मी नुसती बघत बसले. २५ वर्षांत त्याने स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या एका गोष्टीसाठी मी ते पॅकेज परत घेईन.

आता काळजी कुठे घ्यायची ते सांगते. ऑल इन्क्लुझिव या शब्दाचा अर्थ प्रत्येक रिसॉर्टचा वेगळा असतो, त्यामुळे त्यांना मेल करून लेखी उत्तर मागवा. ताजा ज्यूस आणि शहाळं त्यात आहे का (बऱ्याच साध्या पॅकेजमध्ये डब्यातला ज्यूस चालतो आणि ताज्याचे पैसे लावतात, न पिणाऱ्या माणसाला हेच जास्त महत्त्वाचं), खोलीतल्या फ्रिजमधलं काय काय फुकट, बुफे सोडून बाकीच्या रेस्टॉरंटमध्ये किती वेळा बसता येतं, स्नॉर्केलिंगचा मास्क आणि फिन्स भाड्याने की फुकट. कयाक आणि पॅडल बोर्ड बहुतेक ठिकाणी धरलेले असतात, पण जेट स्की, डायव्हिंग, स्पा हे जवळजवळ नेहमी वेगळंच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्रान्सफर, माले विमानतळावरून बेटावर जाण्याचा खर्च. आम्हाला आमच्या एजंटने सगळं धरून म्हणून आकडा सांगितला आणि निघायच्या आठवडाभर आधी कळलं की सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, त्यात नाहीच. दोघांचे मिळून लाखाच्या आसपास पैसे ऐनवेळी काढावे लागले, मला त्या रात्री झोप नाही आली. तुम्ही आधीच विचारा. शिवाय तिथल्या सरकारचा पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर झालाय, म्हणजे तुमचे चार रात्रींचे दोघांचे ९६ डॉलर, तोही धरलाय का बघा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे मुंबईहून सकाळचं विमान मिळत असेल तरच ते घ्या, संध्याकाळी पोचलात तर मालेजवळ एक रात्र हॉटेलात काढावी लागेल आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाईल. चारच रात्री आहेत तर मी म्हणेन स्पीडबोटने जाता येईल असं जवळचं बेट बघा, स्वस्तही पडतं. सीप्लेनमधून खाली निळ्या पाण्यातले ते गोल गोल हिरवे ठिपके दिसतात ते मात्र खरंच विसरता येत नाहीत, ते खोटं नाही सांगणार.

ख्रिसमस आणि न्यू इयर टाळताय ते छान, त्या दोन रात्री बऱ्याच रिसॉर्टमध्ये गाला डिनर सक्तीचं असतं. जानेवारीत तिकडचा कोरडा सीझन असतो, आम्हाला एकदाच दहा मिनिटं सर आली.

जेवणाचं तुमच्या मिसेसना सांगा अजिबात घाबरू नका. बुफेत डाळ, भात, पनीर रोज होतं, किचनमध्ये भारतातले आणि श्रीलंकेचे लोक होते. पण फक्त डाळ-पनीर खाऊन परत येऊ नका, तिथलं खा. नाश्त्याला त्यांच्याकडे रोशी असते, ती अगदी आपल्या फुलक्याची बहीण, आणि त्याच्याबरोबर मास हुनी, म्हणजे ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हाताने चुरून केलेलं. मी शाकाहारी, मी आपलं सहज विचारलं की मासा न घालता होईल का, तर त्या शेफने माझ्यासमोर खोबरं घेऊन कांदा-मिरची-मीठ चोळलं, वरून लिंबू पिळलं, आणि मला माझ्या आजीची कांदा-खोबऱ्याची कोशिंबीर आठवली. मग रोज सकाळी तेच. नवरा रत्नागिरीचा, त्याने गरुधिया म्हणून ट्यूनाचं पातळ सार भातावर घेतलं आणि म्हणाला हा तर आपला कुपा!

छोटी छोटी माहिती: व्हिसा आपल्याला तिथे पोचल्यावर फुकट मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, पण आधी ९६ तासांच्या आत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईटवर भरू नका. देशात दारू नेता येत नाही, तुम्हाला तो प्रश्न नाही, पण पूजेची मूर्तीही नेता येत नाही, आपल्यातले बरेच जण बॅगेत छोटा गणपती ठेवतात म्हणून मुद्दाम सांगतेय, घरीच ठेवा. घड्याळाचंही बघा, मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण कित्येक रिसॉर्ट त्यांचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, परतीच्या वेळी घोळ नको. आणि किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, त्याला बंदी आहे.

शेवटचं, आणि हे माझं फार कळकळीचं. लोक सगळे पैसे वॉटर व्हिलावर, म्हणजे पाण्यावर खांबांवर बांधलेल्या खोलीवर, घालतात. तुम्ही बीचवरची खोली घ्या आणि बेट निवडताना हाऊस रीफ कसं आहे ते विचारा, म्हणजे किनाऱ्यावरून पोहत जाऊन प्रवाळ दिसतं की प्रत्येक वेळी बोटीने जावं लागतं. तिथल्या प्रवाळाने फार सोसलंय, १९९८ ला आणि २०१६ ला समुद्र तापून कितीतरी पांढरं पडून मेलं, आमच्या बेटाजवळही मोठे भाग राखाडी होते आणि मधेच एखादा जिवंत जांभळा तुकडा, ते बघून पोटात तुटतं. त्याच्यावर पाय ठेवू नका, कितीही दमलात तरी.

नवऱ्याला पोहता येत नाही. तिथल्या मुलाने त्याला लाइफ जॅकेट घातलं, हातात एक रिंग दिली आणि दोरीने हळूहळू ओढत नेलं, मी बाजूला. पाण्यात डोकं घातल्यावर एक कुरकुर आवाज येत होता, पापड मोडल्यासारखा, मी घाबरले, तर ते पॅरटफिश नावाचे हिरवे-निळे मासे प्रवाळ कुरतडत होते. त्या मुलाने सांगितलं की तेच चावून चावून त्याची पांढरी वाळू होते. नवऱ्याने पाण्याखालीच माझा दंड पकडून ते दाखवलं, दोन-तीनदा. हे सगळं आमच्या तिसऱ्या दिवशी झालं, आधीचे दोन दिवस आम्ही भीतीने नुसते किनाऱ्यावरून बघत होतो, तुम्ही पहिल्याच सकाळी वॉटर स्पोर्ट्सच्या काउंटरवर जाऊन आम्हाला येत नाही, शिकवा, असं सरळ सांगा. आणि दोघांनीही पूर्ण बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट इथूनच घेऊन जा, पाण्यात पाठ भाजलेली कळत नाही.