वाचकांचे प्रश्न : वडिलांच्या पानठेल्याविषयी मुलाखतीत काय सांगावे?

प्रश्न : मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीडीएसची (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळे मला भोपाळच्या निवड मंडळाचे (एसएसबीचे) बोलावणे आले आहे. बारावीनंतर एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी) गेलो होतो, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत टिकलो, पण निवड झाली नाही. मुलाखतीत वडिलांच्या कामाविषयी विचारले आणि मी गडबडलो. त्यांचा पानठेला आहे. अर्जात मी ‘व्यवसाय’ एवढेच लिहिले होते. शिवाय आता तिसऱ्या सत्रात राहिलेल्या दोन विषयांची भर पडली आहे. क्लासमधून तयार उत्तरांची फाइल मिळाली आहे, ती पाठ करावी का? माझे इंग्रजीही कच्चे आहे.

उत्तर : फाइल बाजूला ठेवावी, हे प्रथम सांगतो. मंडळात मानसशास्त्रज्ञ तुमचे लेखन वाचतो, गट चाचणी अधिकारी तुम्हाला मैदानावर पाहतो आणि मुलाखत घेणारा अधिकारी तुमच्याशी बोलतो. हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि ती मते शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्येच एकमेकांसमोर येतात. शब्द पाहून वाक्य लिहिण्याच्या चाचणीत साठ शब्द येतात आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळतात. एवढ्या घाईत माणूस स्वतःचेच लिहून जातो. तिथे एक माणूस आणि मुलाखतीच्या खोलीत पाठांतर केलेला दुसराच माणूस दिसला, तर ही तफावत कॉन्फरन्सच्या टेबलावर उघडी पडते.

मुलाखतीचा खरा पाया म्हणजे पीआयक्यू हा माहितीचा अर्ज. आईवडिलांचे शिक्षण, काम आणि उत्पन्न, भावंडे, प्रत्येक परीक्षेचे गुण, खेळ, छंद, एनसीसी आणि यापूर्वीचे प्रयत्न हे सारे त्यात असते आणि अधिकारी तो वाचूनच तुमच्यासमोर बसतो. म्हणून ‘व्यवसाय’ हा शब्द तुमच्या विरुद्ध गेला असावा, असे मला वाटते. पानठेला असणे ही कुठल्याही मंडळाच्या दृष्टीने उणीव नाही; तो लपवावासा वाटणे ही मात्र अधिकाऱ्याच्या लगेच ध्यानात येणारी गोष्ट आहे. या वेळी ‘पानाचे दुकान, स्वतःचे’ असे स्वच्छ लिहा. मग पुढचे प्रश्न येतील: दुकान किती वाजता उघडते, पाने कुठून येतात, उधारी कोण सांभाळते, वडील आजारी पडले तर गल्ल्यावर कोण बसते? ही उत्तरे तुम्हाला ठाऊक नसतील तर ती कुठल्याही फाइलमध्ये सापडणार नाहीत. आठवडाभर संध्याकाळी वडिलांसोबत ठेल्यावर उभे राहा, हिशेब समजून घ्या, त्यांना त्यांच्या अडचणी विचारा. मुलाखतीसाठी नसते तरी हे करावे, असे मी सांगितले असते.

एक अवघड प्रश्न आधीच मनाशी सोडवून ठेवा. आपल्याकडे पानठेला म्हटला की खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, आलाच, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे अधिकाऱ्याला माहीत असू शकते. ‘तुमच्या दुकानात खर्रा मिळतो का, आणि तुम्हाला त्याविषयी काय वाटते?’ असे त्याने विचारले, तर खोटे बोलू नका आणि वडिलांना दोषी ठरवून स्वतःची सुटकाही करून घेऊ नका. घरचे उत्पन्न आणि स्वतःला पटलेली गोष्ट यांत ओढाताण असेल तर ती तशीच सांगा, आणि घरी या विषयावर बोलणे झाले असेल तर काय झाले तेही सांगा. बोलणे झालेच नसेल, तर जाण्यापूर्वी ते व्हायला हवे.

राहिलेल्या दोन विषयांचे उत्तर थोडक्यात आटपते. विषय कोणते होते, का राहिले, पुढे काय केले आणि केव्हा सुटले, एवढे चार वाक्यांत सांगा. पेपर कठीण होता, मास्तर शिकवत नव्हते, अशी सबब पुढे केली की जबाबदारीची जाणीव या गुणावर प्रश्नचिन्ह लागते, आणि मंडळ ज्या पंधरा गुणांवर उमेदवार पारखते त्यांत हा गुण आहे.

बहुतेकांची दमछाक होते ती प्रश्नांच्या साखळीत. अधिकारी एका दमात विचारतो: दहावीपासून आजवर किती गुण मिळाले, कोणत्या वर्षी कमी पडले आणि का, कोणते शिक्षक आवडले, कोणते आवडले नाहीत, जवळचे मित्र कोण, त्यांचे कोणते वागणे खटकते, सुटीचा दिवस कसा जातो. ही परीक्षा स्मरणाची आहे आणि क्रम लावण्याचीही. विचारले त्या क्रमाने बोलत जा. मधला एखादा प्रश्न निसटला तर तसे सांगून पुन्हा विचारण्यात काहीच गैर नाही. घरी बहिणीला किंवा मित्राला अशी साखळी विचारायला लावा आणि स्वतःचे उत्तर मोबाइलवर ऐका. इंग्रजीचा सरावही यातच होईल. तिथे स्पष्ट आणि सरळ बोलणे पुरते, त्यामुळे भारी शब्दांच्या मागे न लागता लहान वाक्ये पूर्ण करण्याची सवय लावा.

नागपूरचे म्हणून प्रश्न येतीलच. वायुसेनेच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय आपल्या वायुसेना नगरात आहे आणि गार्ड्स ब्रिगेडचे प्रशिक्षण केंद्र कामठीला आहे. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या नागपूरकराला हे ठाऊक नसणे शोभत नाही. संत्री आणि झिरो माइल प्रत्येक जण सांगतो. त्यापेक्षा सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले ते का, आणि तुमच्या हाती अधिकार असता तर आधी काय केले असते, यावर स्वतःचे मत तयार करा.

मागच्या अपयशाविषयी विचारतीलच. त्यानंतर तुमच्यात काय बदलले, हे त्यांना ऐकायचे असते. लेखी परीक्षेचे तीनशे आणि मंडळाचे तीनशे गुण मिळून आयएमएची (देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीची) गुणवत्ता यादी लागते, म्हणून लेखी परीक्षेत जेमतेम पार झालेल्यांनीही हिंमत सोडू नये.

प्रश्न : माझी मुलगी एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. मुलींसाठी निकष वेगळे असतात का? तिला एकटीला पाठवायला मन धजत नाही. — एक आई, प्रतापनगर

उत्तर : ताई, अधिकारी म्हणून पारखण्याचे गुण मुलामुलींसाठी तेच आहेत. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तिच्यातल्या सतरा जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. मुलीला एकटीने प्रवास करू द्यावा, असे माझे मत आहे. तिकीट काढणे, गाडी उशिरा आली तर मंडळाला कळवणे, मूळ गुणपत्रिका आणि छायाचित्रे सांभाळणे हे तिचे तिनेच करावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. त्यांच्यामार्फत नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतली जाते. मंडळात पोहोचल्यावर फोन जमा करावा लागतो, तेव्हा त्या दिवसांत तिचा फोन लागला नाही तरी काळजी करू नका.