पेशीत कॅल्शियम सुटलं की रक्तवाहिनी आवळते की सैलावते?

तुम्ही विचारलंय: पुस्तक म्हणतं कॅल्शियम वाढलं की मृदू स्नायू आकुंचन पावतो, आणि एका लेक्चरमध्ये ऐकलं की पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटलेलं कॅल्शियम रक्तवाहिनी सैल करतं; यातलं खरं कोणतं? दोन्ही खरं. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला फिजिओलॉजी शिकवते, आणि हा गोंधळ वर्गात हमखास होतो, कारण आपण सगळे ‘कॅल्शियम किती’ एवढंच विचारतो. ते कुठे सुटलं हे कुणी विचारत नाही.

पुस्तकातली बाजू आधी उरकते. मृदू स्नायू म्हणजे शाळेतले अपट्टकी स्नायू; रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंतीत असतात ते. निवांत पेशीत मोकळं कॅल्शियम साधारण 100 नॅनोमोलर असतं, पेशीबाहेर त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. आतलं प्रमाण काही पटींनी चढलं की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेजला कामाला लावते, ते एन्झाइम मायोसिनवर फॉस्फेट बसवतं आणि मायोसिन ॲक्टिनला ओढू लागतं (मायोसिन आणि ॲक्टिन ही स्नायू आकसवणारी दोन प्रथिनं). ट्रोपोनिन, म्हणजे हातापायांच्या पट्टकी स्नायूत कॅल्शियम पकडणारं प्रथिन, इथे नसतं. तरी दरवर्षी बरेच जण ते लिहितातच!

आता साठा. पेशीच्या आत सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं जाळं असतं, त्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं असतं. त्याला दोन प्रकारची दारं आहेत. पहिलं आयपी-3 रिसेप्टर. नॉरॲड्रेनॅलिन हे चेतातंतूंतून सुटणारं रसायन पेशीवरच्या अल्फा-1 रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) बसलं की आत आयपी-3 हा निरोप्या रेणू तयार होतो, ही दारं उघडतात आणि कॅल्शियमची लाट पेशीभर पसरते. ही झाली दवंडी. सगळ्या गावाला ऐकू जाते, स्नायू आवळतो.

दुसरं दार रायनोडिन रिसेप्टर, आणि ते करतं कानगोष्ट. या रिसेप्टरांचा एक छोटा पुंजका क्षणभर उघडतो आणि बंद होतो. कॅल्शियमला चिकटल्यावर चमकणारा रंग भरून पेशी कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली ठेवली, की अंधुक पेशीत कडेला एक ठिपका लखकन उजळतो आणि सेकंदाच्या अंशात विझतो. मग दुसरीकडे एखादा. यालाच कॅल्शियम स्पार्क म्हणतात. तेवढ्या जागेत कॅल्शियम भरपूर चढतं, पण पेशीची सरासरी जवळपास जागची हलत नाही. त्यामुळे मायोसिनच्या कायनेजपर्यंत बातमी पोचतच नाही.

पोचते ती समोरच्या पेशीपटलावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर. काही ठिकाणी जाळं आणि पटल यांच्यात जेमतेम 20 नॅनोमीटरची फट असते, आणि पलीकडे बीके नावाचे पोटॅशियम चॅनेल (पटलातले पोटॅशियम जाऊ देणारे मार्ग) बसलेले असतात. स्पार्कने ते उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पटलाचं व्होल्टेज आणखी ऋण होतं. त्यामुळे बाहेरून कॅल्शियम आत घेणारे एल-टाइप चॅनेल मिटू लागतात (ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध अडवतं तेच), पेशीतलं एकूण कॅल्शियम उतरतं, रक्तवाहिनी सैलावते. म्हणजे थोडं कॅल्शियम सोडून बरंच कॅल्शियम रोखलं. 1995 मध्ये मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये मेंदूच्या धमन्यांवरचं हे काम छापलं. रायनोडिन (ज्यावरून या दाराला नाव मिळालं ते रसायन) देऊन स्पार्क बंद केले तर धमनी आवळली, आणि पोटॅशियम चॅनेल थेट अडवल्यावर जेवढी आवळते साधारण तेवढीच.

हे बीके चॅनेल अडवायला प्रयोगशाळेत सर्रास वापरतात ते आयबेरिओटॉक्सिन आपल्या लाल विंचवाच्या विषातून वेगळं केलेलं आहे. कोकणात लोक ज्याला घाबरून असतात तोच विंचू. मात्र दंश झाल्यावर माणूस अत्यवस्थ होतो त्याचं मुख्य कारण हे रसायन नव्हे. विषातले दुसरे घटक चेतातंतूंच्या सोडियम चॅनेलना मिटू देत नाहीत, त्यामुळे अंगात नॉरॲड्रेनॅलिन, ॲड्रेनॅलिनचा पूर येतो. हातपाय गार पडतात, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येऊन पुढे फुप्फुसात पाणी होतं. यातलं रक्तवाहिन्या आवळण्याचं काम वरच्या दवंडीचंच: अल्फा-1, आयपी-3, साठा रिकामा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. ते औषध अल्फा-1 रिसेप्टरच अडवतं, म्हणजे दवंडी पिटायच्या आधीच थांबते. आयपी-3 शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

एक सावधगिरी. ‘स्पार्क म्हणजे सैलावणं’ असं वहीत लिहून मोकळे होऊ नका. श्वासनलिकेच्या मृदू स्नायूत स्पार्कच्या समोर क्लोराइडचे चॅनेलही असतात. ते उघडले की ऋणभार बाहेर पडतो, व्होल्टेज उलट्या दिशेने सरकतं आणि एल-टाइप चॅनेल उघडायच्या बाजूला झुकतात.