वाचक विचारतात : चीनचा मोबाईल

प्रश्न : चीनमध्ये मोबाईल कंपन्या मोजून तीन, त्याही सरकारी. मग तिकडे सगळा कारभार फोनवर कसा काय चालतो? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मोठ्या तीनच, चायना मोबाईल, चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम, आणि तिघींचा खरा मालक सरकारच, त्यामुळे कोणी काय करायचं हे वरून ठरतं. २००९ साली थ्रीजीची लायसन्सं वाटली तेव्हा सगळ्यात मोठ्या चायना मोबाईलच्या गळ्यात टीडी-एससीडीएमए हे देशी तंत्रज्ञान मारलं, त्यावर चालणारे चांगले हँडसेटच धड मिळेनात, तिकडे आयफोन युनिकॉमने विकला आणि चायना मोबाईलला तो मिळायला २०१४ उजाडलं. त्याच वर्षी तिघींनी मिळून चायना टॉवर ही टॉवरची सामाईक कंपनी काढली, म्हणजे एकाच गल्लीत तीन-तीन टॉवर नकोत. रेट पण स्पर्धेने कमी आणि दट्ट्याने जास्त उतरले असं माझं मत, २०१५ ला पंतप्रधान ली केकियांग यांनी स्पीड वाढवा आणि दर कमी करा म्हणून जाहीर कान उपटले, २०१७ ला देशांतर्गत रोमिंगचा चार्ज गेला.

खरी मारामारी या कंपन्यांच्या नेटवर्कवर चालू होती, खाजगी ॲपवाल्यांची. २०१२ च्या मध्यालाच तिकडे नेट वापरणाऱ्यांत मोबाईलवाले कॉम्प्युटरवाल्यांच्या पुढे गेले, अनेकांनी तर आधी कॉम्प्युटर घेतलाच नव्हता. टेन्सेंट कंपनीचं वीचॅट हे मेसेजचं ॲप २०११ चं, त्याने एसएमएसचा धंदाच बसवला. पैशाच्या देण्याघेण्यात मात्र अलिबाबा कंपनीचं अलीपे हे ॲप पुढे होतं, मग २०१४ च्या चिनी नववर्षाला टेन्सेंटने काय केलं, लाल पाकिटात पैसे द्यायची तिकडची रीतच ॲपमध्ये आणली, ग्रुपवर पाकीट टाकायचं आणि कोणाला किती मिळतील ते नशिबावर, लोक तुटून पडले, आणि पैसे काढायचे तर बँक खातं जोडणं आलंच! क्रेडिट कार्डं फार कोणाकडे नव्हती, त्यामुळे क्यूआर कोड थेट भाजीवाल्यापर्यंत पोचला.

प्रश्न : मुलगा माल बघायला चीनमधल्या यीवूच्या घाऊक बाजाराला जातोय. व्हॉट्सॲप चालेल का? – तेच वाचक

उत्तर : तिथलं सिम घेतलं तर नाही, ते पासपोर्ट दाखवूनच मिळतं आणि व्हॉट्सॲप, गुगल तिकडे बंद आहेत. आपल्या सिमवर रोमिंगचा डेटा घेतला तर सहसा चालतं, कारण तो इकडच्या नेटवर्कमधून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर परत बंद. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे ते इथून टाकता येणार नाही, अलीपे इथून टाकता आलं तर पासपोर्टचं व्हेरिफिकेशनही इथूनच करून घ्या, दोन्हीला परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, फक्त कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत ना ते बँकेत विचारा. व्यापारी पण वीचॅटच मागतील, व्हिजिटिंग कार्ड कोण बघतंय.